कुणी गेलंबिलं नसावं

“आज त्यांच्याशी भांडू नकोस,” बहिणीने भावाला जिन्यातच अडवलं. “म्हणतील त्याला हो म्हण. डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांना मात्र अल्सर म्हणूनच सांगितलंय.”

भावाने मान डोलावली. त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. आत अडकलेल्यांना बाहेरून ‘काही नाही, आत्ता सुटाल’ असं सांगायची त्याला सवय होती.

घरात नाटक छान बसलं होतं. परगावचा मुलगा ‘सहज’ रजा काढून आला होता. सून सासऱ्यांच्या विनोदांना ते संपायच्या आधीच हसत होती. शेजारी तर इतका खुशीत डोकावून जाई, की जणू त्याचीच मुलगी पहिली आली होती.

बहिणीचा नवरा, फोटोवाला, उशांना टेकून पलंगावर बसला होता. खालचा स्टुडिओ बंद करून सामान वर आणलेलं, त्यामुळे पुठ्ठ्याची भलीमोठी चंद्रकोर कपाटाला टेकून उभी होती. गावातल्या निम्म्या जोडप्यांनी तिच्यावर बसून फोटो काढले होते. मेहुण्याला बघताच फोटोवाल्याचे डोळे चमकले.

“या, लिफ्टवाले! काय म्हणतोय तुमचा चंद्र?”

हा वाद फोटोवाल्याच्या लग्नाइतका जुना होता. लग्नाच्या पंगतीतच तो पेटला होता. माणूस चंद्रावर गेला, असं लिफ्टवाल्याचं म्हणणं. गेला नाही, स्टुडिओत फोटो काढले, असं फोटोवाल्याचं. दोघंही आपापल्या धंद्याची बाजू घेत होते, एवढंच. यापायी भरली ताटं सरकवून झाली, अबोले झाले, समेट झाले. तसूभर कुणी हटलं नव्हतं.

“त्या फोटोंतल्या सावल्या बघ,” फोटोवाला म्हणाला. “एक इकडे, एक तिकडे. दिवे लावलेत, दिवे! अरे, निम्मं गाव मी पुठ्ठ्यावर बसवून चंद्रावर पाठवलंय. आणि तुझी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते. म्हणे चंद्रावर पोचले!”

एरवी लिफ्टवाला इथे उसळला असता. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने दारातूनच डोळ्यांनी विनवलं आणि ती सूप आणायला आत गेली.

“खरंय भावोजी,” तो म्हणाला. “मलाही हल्ली तसंच वाटतं. कुणी गेलंबिलं नसावं.”

फोटोवाल्याचा हात हवेतच राहिला. तोंडाशी आलेला पुढचा मुद्दा त्याने गिळला.

“म्हणजे अल्सर नाही,” तो हळूच म्हणाला.

लिफ्टवाला घाईघाईने पलंगाजवळ सरकला. “नाही हो! गेले होते! शंभर टक्के गेले होते! तुम्हाला काय कळतंय सावल्यांतलं?” त्याचा आवाज फाटला.

“राहू दे. बाकीच्यांचं हसणं मी खरं धरलंच नव्हतं. जन्मभर लोकांना हसायला लावलंय मी, ओढूनताणून आणलेलं हसू लांबून कळतं. पण तू भांडत होतास, तोवर म्हटलं, अजून बरं आहे.” त्याने मेहुण्याचा हात थोपटला. “तिला मात्र बोलू नकोस, मला कळलं ते. फार मेहनत घेतलीय बिचारीने.”

आत भांडं वाजलं. पावलं जवळ येऊ लागली.

“डोळे पूस,” फोटोवाला कुजबुजला. “आणि भांड.” मग उशीवरून उठत त्याने आवाज चढवला, “खोटं! सगळं खोटं! कुणी कुठे गेलेलं नाही!”

“गेले होते, भावोजी,” लिफ्टवाला कसाबसा म्हणाला. “गेले होते, आणि परतही आले.”

बहीण वाटी घेऊन दारात थबकली. “अरे, तुला सांगितलं होतं ना!” ती भावावर डाफरली. पण नवऱ्याचा तो चढा आवाज ऐकून तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी, खरंखुरं.

फोटोवाल्याने एक डोळा मिटला, मान जराशी तिरकी केली.

“हां,” तो म्हणाला. “आता कुणी हलू नका.”