डावी खिडकी

"वहिनी, पिशवी द्या इकडे," सुकाणूवरून तांडेल म्हणाला.

"नको भावजी. तुम्ही होडी सांभाळा, पिशवी मी सांभाळते."

पिशवी जड होती, पण वहिनीने ती मांडीवरून उतरवली नाही. तिच्या मुलीने, म्हणजे तांडेलाच्या पुतणीने, आईला हात धरून फळीवर बसवलं. उद्या वहिनी लेकीकडे शहरात राहायला जाणार होती, कायमची. तेव्हा ही फेरी शेवटचीच.

गेली चाळीस वर्षं याच दिवशी तांडेल वहिनीला समुद्रात न्यायचा. बंदरापासून तासाभरावर, त्याच्या थोरल्या भावाची होडी बुडाली होती तिथे. वहिनी थर्मासमधून दोन कप चहा ओतायची. एक समुद्रात, एक स्वतःला. परतताना मात्र बंदराच्या तोंडाशी बोडका खडक आला की तिला हमखास बोट लागायची आणि होडी थांबवावी लागायची. ती काठावर वाकून बराच वेळ बसायची. तांडेल शहाण्यासारखा दुसरीकडे बघायचा.

"कोळ्याच्या घरात नांदून बोट लागते म्हणजे कमाल झाली," असं तो नंतर दर साली चिडवायचा. वहिनी नुसती हसायची.

यंदा पुतणीने समुद्राचा तळ पडद्यावर दाखवणारं आपलं यंत्र आणलं होतं. बंदराच्या कचेरीत तळाचे नकाशे काढायचं काम करायची ती. वडिलांची होडी आईला निदान पडद्यावर तरी दाखवावी, एवढाच तिचा हट्ट होता. तिने यंत्र घरीच ठेवावं म्हणून तांडेलाने खूप सुचवून पाहिलं, पण पुतणी कुठली ऐकायला.

"काका, इथे तर नुसती वाळू आहे," ठरलेल्या जागी पोचल्यावर ती म्हणाली. "सपाट. फळीचा तुकडासुद्धा नाही."

"चाळीस वर्षांत समुद्र काय काय गिळतो, ते तुझ्या डब्याला काय कळणार!"

वहिनीने चहा ओतला, स्वतःचा प्यायली. पिशवी उघडली नाही.

डब्याला सगळं कळत होतं. तिथे होडी कधी बुडालीच नव्हती.

तेव्हा इंजिनं नव्हती. शिडं होती, सुती जाळी होती, आणि खडकांतून आत यायला एकच अरुंद वाट. घराघरातून ठरलेल्या खिडकीत कंदील लागायचा आणि प्रत्येक होडी आपापल्या कंदिलावर आत यायची. काय देखणं बंदर दिसायचं ते! तीस कंदील, पण आपला कुठला हे कुणाला सांगावं लागत नसे. भावाची खूण सोपी होती. वरच्या खोलीची डावी खिडकी, आणि बरोबर तिच्या डोक्यावर टेकडीवरचा दीपस्तंभ. दोन्ही दिवे एका रेषेत धरायचे की झालं.

त्या संध्याकाळी वादळ होतं. सगळ्या होड्या परतल्या होत्या, एकटा भाऊ बाहेर होता. वाऱ्याने डाव्या खिडकीतला कंदील पुन्हा पुन्हा विझत होता आणि वहिनीच्या मांडीवर तीन महिन्यांची पोर तापाने फणफणली होती. सारखं उठणार तरी किती? तिने कंदील उजव्या खिडकीत ठेवला. घरात चार हातांचा फरक, पण समुद्रात तेवढ्याने वाट चुकते.

सकाळी तांडेलाला कंदील उजव्या खिडकीत दिसला आणि ओहोटीला बोडक्यामागे डोलकाठीचं टोक दिसलं. दोन्हींचा संबंध त्याला लगेच कळला. भाऊ गेला तो गेला. निदान वहिनी तरी जगायला हवी होती.

त्याने तिच्याकडूनच करवत मागून नेली आणि डोलकाठी पाण्याखाली कापली. मग बंदरावर सांगितलं की होडी लांब, खोल पाण्यात गेली, आपण फळ्या तरंगताना पाहिल्या. करवत परत केली तेव्हा वहिनीने ती पुसली, गंज चढू नये म्हणून तेल लावलं आणि खिळ्याला टांगली. काय कापलं हे विचारलंसुद्धा नाही. बिचारी दुःखात होती.

खोटं बोलायला एक सकाळ लागली, निभवायला चाळीस वर्षं. आज एवढी फेरी सुखरूप पार पडली की सुटलो, असं तांडेल मनाशी म्हणत होता. त्याने होडी बोडक्यापासून जरा लांबून काढली, पण वाटच अरुंद. लांब जाऊन जाणार किती?

यंत्र वाजलं.

"काका, खाली काहीतरी आहे! होडीसारखं दिसतंय."

तांडेलाने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दगड आहे गं. बोडक्याचंच पिल्लू असेल."

"दगड असा नसतो काका. मी रोज हेच बघते."

त्याने इंजिनाचा वेग वाढवला.

"भावजी, थांबवा," वहिनी म्हणाली. "मला बोट लागते."

नाही कसं म्हणणार? त्याने इंजिन बंद केलं. वहिनी काठावर वाकली आणि सवयीने त्याने मान फिरवली.

"आई, हे काय करतेस?" पुतणी म्हणाली.

तांडेलाने वळून पाहिलं. रिकामी पिशवी फळीवर पडली होती. वहिनीच्या दोन्ही हातांत तो जुना कंदील होता, काच लख्ख पुसलेली. तिने तो हळूच पाण्यात सोडला आणि तळाशी जाईपर्यंत बघत राहिली.

मग तिने ओले हात पुसले.

"भावजी," ती म्हणाली, "मला जन्मात कधी बोट लागली नाही."