भोकाचा पैसा

सासूबाई गेल्यावर त्यांचा जुन्या नाण्यांचा डबा धाकट्या दिरांनी नागपूरला नेला. आईची आठवण म्हणे! आज एका भोकाच्या पैशासाठी ते एसटीने भंडाऱ्याला आले. “वहिनी, तेवढाच नाही सापडून राहिला.” तो माझ्या बाळाच्या कमरेच्या करदोड्यात त्यांना दिसला, दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनीच शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर पडल्या पडल्या बांधलेला. “कात्री द्या नं.” “आईंच्या हातची गाठ आहे, कापायची नाही. सोडवून घ्या,” मी म्हणाले. त्यांनी टेरीलीनच्या पँटवर बाळाला घेतलं. नखं कोवळ्या पोटाला लागतील म्हणून मी वाकून बघत राहिले. गाठ सैलावली, तोच बाळाने धार सोडली. “शी, शी! घ्या याले!” दीर ताडकन उठले. मी बाळाला उचललं, करदोडा पुन्हा घट्ट बांधला. “आईंचंही शेवटचं वर्षभर रोज असंच व्हायचं, भाऊजी,” मी म्हणाले. “तुम्हाला कुठून माहीत असणार!”