पालथ्या माणसाचा सल्ला

कॉटच्या कडेबाहेर मान काढून विलास पालथा पडला होता. कपाळाखाली आडवी फळी, फळीवर बायकोने, उत्कर्षाने, जुन्या साडीची केलेली चुंबळ. डोळ्यातला सुटलेला पडदा चिकटवून डॉक्टरांनी आत गॅस भरला होता; दहा दिवस तोंड जमिनीकडेच. काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीची फरशी तेवढी दिसायची, तीही एकाच डोळ्याने.

आलेली माणसं त्याला आता पायांवरून कळत. हे पाय ज्ञानेशचे. चाकणच्या कंपनीत दोघं एकाच लाइनवर. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल विलासने नऊ वर्षं घासून मिळवलं होतं. ऑपरेशन झाल्यापासून त्यावर ज्ञानेश बसत होता.

"साहेबांनी टेबल मला पक्कं केलं भावा," ज्ञानेश म्हणाला. "म्हणाले, विलासला स्टोअरला देऊ. तिकडं नजरेचं काम नाही."

"चांगलं झालं," विलास फरशीला म्हणाला. पार्टवरचा केसाएवढा ओरखडा कसा पकडायचा, हे या गाढवाला शिकवलं कुणी? त्यानेच.

"तोंड तरी बघू दे की रे!" म्हणत ज्ञानेश सरळ फरशीवर उताणा झाला आणि सरकत सरकत त्याच्या तोंडाखाली आला. दोन धडधाकट डोळे खालून हसले.

"एक विचारू? परवापासून उजव्या डोळ्यापुढं काळे ठिपके नाचतायत. कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतं. तुझं असंच सुरू झालं होतं का?"

असंच. अगदी असंच. ओव्हरटाइमपायी विलासने तीन आठवडे अंगावर काढलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तेव्हाच आला असतात तर नुसत्या लेसरवर भागलं असतं. दहा मिनिटांचं काम. पडदा सुटलाच नसता.

ओट्याशी उत्कर्षा होती. विलासने आवाज खाली घेतला.

"छ्या! माझं एकदम अंधारलं होतं. तुझं त्या टेबलावरच्या दिव्यानं होतंय. नवीन माणसाला होतंच. महिनाभरात नजर बसते."

"वाटलंच मला! घरची मागं लागलीय, उद्या सुट्टी टाका, दाखवून या. म्हटलं, आधी विलासला विचारू." ज्ञानेशने हात वर करून त्याचा गाल थोपटला. "तू आहेस म्हणून, राव."

सेकंड शिफ्ट गाठायची म्हणून तो चहाला न थांबता गेला. फरशीवर त्याच्या पाठीचा घामाचा ठसा राहिला. पंख्याच्या वाऱ्याने तो कडांकडून आत आत वाळत चालला, आणि विलासला मान वळवायची मनाई होती.