डोंगरावर दिसलेला माणूस

"ते पाण्यात उतरत न्हाईत," बायडाबाईने पुन्हा तेच सांगितलं. "लई भितेत पाण्याला."

ऋतुजाने ते संगणकात भरलं. बायडाबाईचा नवरा म्हाळू पालीच्या धरणाकडं मेंढरं घेऊन गेला होता. मेंढरं तेवढी परत आली. म्हणून पुण्याच्या एका कंपनीची ऋतुजा ड्रोन घेऊन आली होती. ड्रोन वरून चित्रं घ्यायचा, एआय त्यातला माणूस ओळखायचं, आणि हरवलेला कुठल्या कुठल्या वाटेने गेला असेल ते एका दमात तपासून, पुढं कुठं उडायचं हे लांबचा क्वांटम संगणक ठरवायचा. बायडाबाईच्या सांगण्यावरून त्याने धरण वगळलं होतं. डोंगर पिंजून झाला. एवढी अक्कल एका जागी गोळा होऊनही हाती काही लागेना.

"ताई, काल सांगितलं तसं, आज शेवटचं उड्डाण," ऋतुजा म्हणाली. "काहीच खूण दिसली नाही तर परत बोलावलंय आम्हाला."

"बरं," बायडाबाई म्हणाली. तिचं रडणं केव्हाच आटलं होतं. सकाळी कुत्र्याच्या भरवशावर मेंढरं डोंगरावर सोडून आली, ती दारातच बसलेली. पायातले काटे काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"आजी, त्यांची काही सवय?" ऋतुजाने म्हाळूच्या आईला, भिवराबाईला विचारलं.

"मेंढरं लई लाडाची त्याची. घरातली घोंगडी नुसती दिसली तरी गपगार बसत्यात."

दिवस कलताना ऋतुजा ओरडली, "अगं बाई! ताई, बघा!"

पडद्यावर मेंढरं गोल बसली होती. मधोमध डोक्यावरून घोंगडी घेतलेलं कुणीतरी उभं. एआयने भोवती हिरवी चौकट काढली: माणूस. तेवढ्यात बॅटरी उतरली आणि ड्रोन माघारी फिरला.

"मी जाते." कुणी सोबत निघायच्या आत बायडाबाई डोंगराला लागली. अंधार पडता पडता मेंढरं घेऊन एकटीच आली.

"न्हाई दिसले. पुढं गेले असतील."

"मग उद्या तिथंच शोधू," ऋतुजा म्हणाली. "आता कोण परत बोलावतंय ते बघते!" ती मुक्कामाला बीडला गेली.

भिवराबाईला थंडी वाजत होती. "बायडा, माझी घोंगडी कुटं हाय?"

"धुतलीया, आत्या. वाळायची हाय." बायडाबाईने तिच्या अंगावर जुनं लुगडं घातलं.

म्हातारीने सुनेचा पाय मांडीवर ओढला आणि सुईने एकेक काटा काढू लागली. बायडाबाईला दुखतही नव्हतं.

"म्हाळू कुटला भितोय पाण्याला?" भिवराबाई हळू म्हणाली. "कोकरू पडलं तर धरणात उडी घेणारा त्यो."

बायडाबाईने मान खाली घातली.

"उद्या घोंगडी डोंगरावर नगं टांगू काठीला, पोरी. खाली, पाण्याकडं टांग. तितं बी बघू दे त्यांना."