कोण कोणाला दिसायचंय?

बायको घरून ऑनलाइन गणित शिकवते. हल्ली गणित अर्ध्यावर आलं की स्क्रीन गोठायची आणि पोरं निघून जायची. "काहीही करा, पण हे नेट नीट करा हो. एकेक पोरगं क्लास सोडतंय," ती अगदी रडकुंडीला आली होती. राउटर बदलून झाला, नेटवाल्याशी भांडून झालं, फरक शून्य.

शेवटी मीच तिच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. नेट जोडणीचे नको ते प्रोटोकॉल तिथे ठाण मांडून बसले होते. एकेक काढत गेलो. घरातले दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना नावानिशी दिसावेत, म्हणून आमच्या मुलानं, भुंग्यानं, टाकलेला एक जुनापुराणा प्रोटोकॉलही सापडला. म्हटलं, आता घरात आपण दोघंच. कोण कोणाला दिसायचंय? तोही उडवला.

नेट वाऱ्यासारखं पळायला लागलं. मी कॉलर ताठ करून तिला हाक मारली, "ये, आता शिकव बिनधास्त!"

ती येऊन बसली, स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी शोधलं आणि पांढरीफटक पडली. "होतं तसं करा. आत्ताच्या आत्ता. क्लास बंद पडला तरी चालेल, पण हात जोडते तुमच्यापुढे."

"अगं, वेड लागलंय का तुला?"



"अपघात झाल्यापासून रोज सकाळी त्याच्या खोलीत जाऊन मी त्याचा कॉम्प्युटर चालू करते हो. मग इथे कोपऱ्यात दिवसभर दिसतं... भुंगा घरात आहे."