पातळ तेल

शेवटचा बोल्ट सुटला आणि इंजिनाखालचं तेलाचं चेंबर थोरल्याच्या हातात आलं. उताणा पडल्या पडल्याच त्याने बॅटरीचा झोत वर टाकला. पंप जिथून तेल ओढून घेतो त्या जाळीचं तोंड बुजलेलं होतं. कचऱ्याने नव्हे, लाल पेस्टच्या तुकड्यांनी.

ती पेस्ट त्याने लगेच ओळखली. तेल कुठून पाझरू नये म्हणून चेंबरच्या कडेला ती त्याने स्वतःच लावली होती, चांगली सढळ हाताने. जास्तीची आत ओघळली होती, वाळली होती आणि सुटली होती.

"बाबा, हे तेल तर मधासारखं जाड आहे," बाहेरून मुलगी म्हणाली. काढलेल्या तेलात तिने पट्टी बुडवून पाहिली होती. "काकांनी पातळ ओतलं होतं ना?"

थोरल्याने बॅटरीचा झोत पुन्हा जाळीवर धरला. तो गाडीखालून बाहेर आला नाही.

गाडी अण्णांची, म्हणजे त्याच्या वडिलांची. दोन सीटांची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. अण्णांचा जीव की प्राण. नऊ वर्षांपूर्वी तिचं इंजिन त्याने एकट्याने उघडून पुन्हा बांधलं. अण्णा अख्ख्या गल्लीला बोलावून तो आवाज ऐकवायचे. थोरल्याने गॅरेजची पाटी लावली ती त्याच महिन्यात.

थोड्याच दिवसांत धाकट्या भावाने गाडीचं तेल बदललं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गॅरेजवर आला. अण्णा शेजारी बसलेले.

"दादा, इंजिन तापलं की तेलाच्या दाबाच्या गेजची सुई खाली येते."

"जुन्या गाड्यांची गेजं खोटं बोलतात रे. सेन्सर गेला असेल." थोरल्याने वायर घट्ट केली, सेन्सर बदलला. इंजिनाला थेट लावून दाब मोजायचं गेज भिंतीवर टांगलेलं होतं. ते लावायला अर्धा तास गेला असता. बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"एकदा चेंबर उघडून बघायचं का?" धाकट्याने हळूच विचारलं.

"आता तू मला शिकवणार?"

अण्णा हसले. धाकटाही हसला. त्याच रविवारी चढावर सुई शून्यावर आली. धाकट्याने गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग जळून इंजिन जाम झालं होतं.

गाडी ओढून आणली. थोरल्याने डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला, "पातळ आहे. नव्या गाडीचं तेल ओतलंय यानं. हे इंजिन जुन्या बांधणीचं, आत जागा जास्त. याला जाडच तेल लागतं. पातळ तेल टिकतंय कुठे?" तापलेलं तेल बोटाला पातळच लागतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला ते त्याला आठवलं नाही. किंवा आठवायचं नव्हतं.

अण्णा धाकट्याकडे वळले. "तुझ्या हातात किल्ली दिली, तीच माझी चूक."

धाकटा खाली मान घालून उभा राहिला. हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. गाडीवर ताडपत्री पडली. ती उघडायची नाही, असं अण्णांनी बजावलं. चार महिन्यांत धाकटा दुसऱ्या गावी छापखान्यात मशीनवर लागला. तो यायचा, पण पाहुण्यासारखा. अण्णांनी त्याला पुन्हा कधी स्वतःहून हाक मारली नाही. शेवटच्या दुखण्यात तो पंधरा दिवस उशाशी बसून होता. अण्णांचं तोंड भिंतीकडे. अण्णा गेले, आणि आज थोरल्याने ताडपत्री काढली होती.

हे सगळं थोरल्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी तो मनाला समजावत आला होता, की बाबा रे, चुकलं त्याचंच.

तो गाडीखालून बाहेर आला. हात न पुसताच त्याने फोन लावला. पलीकडून छापखान्याच्या मशीनची घरघर येत होती.

"बोल दादा."

"चेंबर उघडलं आज." थोरल्याने काढलेल्या तेलाकडे पाहिलं. "तेल बरोबर होतं रे तुझं."

घरघर दूर गेली. धाकटा बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"ठाऊक आहे मला."

"जाळी बुजलीय. माझ्या पेस्टनं."

"तेही ठाऊक आहे. तेल बदललं तेव्हा जुन्या तेलात लाल तुकडे निघाले होते. वाटलं, होते तेवढे निघाले. सुई पडायला लागली तेव्हा शंका आली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"अण्णा शेजारी बसले होते."

"आणि इंजिन जाम झाल्यावर? ते तुला टाकून बोलत होते तेव्हा? नऊ वर्षं, अरे!" थोरल्याचा आवाज फाटला. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. "तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

 धाकटा, उशिरा उठलेल्या मुलाला आई समजावते तितक्या हळू आवाजात म्हणाला,

"तुला त्यांनी जन्मात पहिल्यांदा शाबासकी दिली होती, दादा. मला तर लहानपणापासून रोजच मिळायची."