जुनी फाइल ठेवायची?

गाब्रोवोच्या आमच्या गिरणीत सर्व्हरच्या खोलीच्या दारावर आमच्या आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या झेल्याझ्कोकाकांच्या श्रद्धांजलीचा कागद आहे, फोटोसकट. आमच्याकडे असा कागद दर सहा महिन्यांनी नवा लावतात. आज सकाळी स्नेझानाने चिकटपट्टी दातांनी तोडून नवा लावला.

"चल, अपग्रेड उरकून टाक. बानित्सा गार होतेय."

मी डेटा बाजूला काढून ठेवला आणि सुरुवात केली. मशीनने नेहमीचं विचारलं: सेटिंगची जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची? ती काकांनी लिहिलेली, म्हणून आम्ही न बघता जुनीच ठेवतो. आज मी ती उघडली.

"स्नेझाना, डिस्क भरली की सूचना फक्त काकांच्या फोनवर जाते."

"मग इतके दिवस जागा मोकळी कोण करतंय? तूच ना?"

"मला वाटलं, तू."

स्नेझाना चीजच्या बानित्साचा घास घेता घेता थांबली. "अरे, तो फोन आपण शवपेटीत ठेवला होता. त्यांच्या हातात."

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर आलं: डिस्क भरली आहे. सर्व्हरच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या टेबलावर. आत खुर्ची करकरली. कीबोर्डची टकटक सुरू झाली, सावकाश, दोन बोटांची. स्क्रीनवरची सूचना नाहीशी झाली; जागा मोकळी झाली होती. टकटक चालूच राहिली.

"नवी घे," स्नेझाना कुजबुजली. "ऐकतोयस ना? नवी घे."

मी बोट 'नवी'वर नेलं.

आतली टकटक थांबली.